हरकत नोंदवताना: जाहीर नोटिशीपासून इतिवृत्तापर्यंत

झाडं, पाणथळ जागा, डोंगर यांच्यासाठी नाशिकची माणसं उभी राहत नाहीत असं कोणी म्हणू नये. तपोवनातल्या झाडांसाठी लोक कसे एकवटले ते सगळ्यांनी पाहिलं आहे. अडतं ते कागदाशी. मुदत संपायच्या आदल्या रात्री एक मजकूर मोबाइलवर फिरतो, सकाळी त्याच्या शे-दोनशे झेरॉक्स निघतात, खाली सह्या होतात आणि गठ्ठा कार्यालयात जातो. मग त्या सगळ्या सह्यांना मिळून एकच ओळीचं उत्तर येतं, कारण मुद्दा एकच होता आणि तोही मोघम होता.

मोर्चा अधिकाऱ्याला दिसतो, पण लेखी उत्तर त्याला द्यावं लागतं ते फाइलमधल्या कागदाला. पुढे प्रकरण हरित लवादापर्यंत, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायपीठापर्यंत, गेलं तर तिथेही आधी हीच फाइल उघडते. म्हणून लोकांचा पाठिंबा त्या फाइलमध्ये नीट कसा बसवायचा, तेवढंच इथे क्रमाने सांगते आहे. क्रम बदलू नका. बहुतेक चुका क्रम चुकल्यानेच होतात.

## १. नोटीस कुठल्या कायद्याची, ते ओळखा

सगळ्या नोटिशी दिसायला सारख्याच. पण प्रत्येकीची मुदत वेगळी, कार्यालय वेगळं आणि ऐकला जाणारा मुद्दाही वेगळा.

झाडतोडीची नोटीस. शहरात ती महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खाली निघते. वर्तमानपत्रात येते, झाडावरही लावतात. हरकतीला बहुधा सातच दिवस मिळतात. हरकत जाते वृक्ष अधिकाऱ्याकडे. आपल्याकडे शरणपूर रोडवरच्या महापालिकेच्या राजीव गांधी भवनात, उद्यान विभागाच्या नावे द्यायची; नोटिशीत विभागीय कार्यालयाचा पत्ता असेल तर तिथे.

इको-सेन्सिटिव्ह झोनचा मसुदा. अभयारण्याभोवतीच्या पट्ट्यासाठी केंद्राचं पर्यावरण मंत्रालय पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली राजपत्रात मसुदा प्रसिद्ध करतं. मुदत ६० दिवस. पत्ता दिल्लीचा असतो आणि ईमेल मसुद्यातच छापलेला असतो. हा कागद घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात हेलपाटे घालणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यात आठवडे जातात.

जनसुनावणी. खाण, मोठा कारखाना, काही रस्ते आणि धरणं यांच्यासाठी केंद्राच्या पर्यावरण मंजुरीविषयीच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ती आयोजित करतं. नोटीस किमान ३० दिवस आधी, एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात यावी लागते. लेखी म्हणणं आधी देता येतं, तिथे उभं राहून बोलताही येतं.

संवर्धन राखीव क्षेत्राचा प्रस्ताव. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३६अ खाली, स्थानिकांशी विचारविनिमय करून राज्य सरकार तो जाहीर करतं. आपल्या जिल्ह्यात बोरगड, अंजनेरी आणि येवल्याकडचं काळविटांचं ममदापूर ही अशी क्षेत्रं. इथे हरकतीपेक्षा पाठिंब्याचं पत्र कामाचं. त्याविषयी सहाव्या टप्प्यात.

> तपासा: वहीच्या पहिल्या पानावर पाच गोष्टी उतरवल्या का? नोटिशीचा क्रमांक, प्रसिद्धीची तारीख, शेवटची तारीख, कायद्याचं नाव, हरकत स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याचं पदनाम. यातली एकही रिकामी असेल तर पुढे जाऊ नका.

सात दिवसांची मुदत असेल तर पाचवा दिवस शेवटचा धरा. मध्ये रविवार येतो, सुट्टी येते, साहेब बैठकीला जातात.

## २. नोटिशीमागचे कागद मिळवा

वर्तमानपत्रातली नोटीस चार इंचांची असते. खरं जे काही आहे ते तिच्या मागच्या कागदांत.

झाडांच्या बाबतीत यादी मागा: झाडाचा क्रमांक, जात, घेर, वय, आणि तोड की पुनर्रोपण. वयाचा रकाना सगळ्यात आधी वाचा. कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार ५० किंवा जास्त वर्षांचं झाड 'हेरिटेज वृक्ष' ठरतं, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची असतात. साठ वर्षांचा वड यादीत तीस वर्षांचा झाला, की संरक्षण गेलं आणि भरपाईची झाडंही निम्मी झाली. एका रकान्यावर एवढं अवलंबून असतं.

जनसुनावणी असेल तर पर्यावरण आघात अहवालाचा मसुदा आणि त्याचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, संबंधित स्थानिक संस्था अशा ठिकाणी पाहायला ठेवलेला असतो. मराठी सारांश नसेल तर तोच तुमचा पहिला मुद्दा. सगळा अहवाल वाचणं कोणालाच जमत नाही. तीन प्रकरणं वाचा: पर्यायी जागांचं, जैविक पर्यावरणाचं, आणि व्यवस्थापन आराखड्याचं.

जैविक पर्यावरणाच्या प्रकरणात एक गोष्ट मी कधीच सोडत नाही: पाहणी कोणत्या महिन्यांत केली? अशी पाहणी बहुधा एकाच हंगामात होते, आणि तो हंगाम पावसाळा सोडून असतो. आता अंजनेरीचा विचार करा. तिच्याच नावाची 'सेरोपेजिया अंजनेरिका' ही कंदीलपुष्पाची जात पावसाळ्यात वर येते, फुलते, आणि बाकीचे महिने कंदाच्या रूपात जमिनीखाली असते. मार्चमध्ये त्या सड्यावर गेलेल्या माणसाला काळा कातळ आणि वाळलेलं गवतच दिसणार. तो प्रामाणिकपणे लिहील, 'दुर्मीळ वनस्पती आढळली नाही.' तसंच नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीचं. मे महिन्यात गेलात तर थंडीतल्या स्थलांतरितांपैकी जवळपास कोणीच भेटणार नाही. 'पाहणीचा हंगाम चुकीचा आहे' हा एका ओळीचा मुद्दा दहा पानांच्या भावनेपेक्षा जड पडतो.

> सावध: जुन्या हरकतींतून अनुसूची क्रमांक उचलू नका. वन्यजीव कायद्याच्या अनुसूची, म्हणजे संरक्षित जातींच्या याद्या, २०२२ च्या दुरुस्तीने नव्याने मांडल्या गेल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्या. 'अनुसूची चार मधला पक्षी' असं आज लिहिलंत तर पहिल्याच परिच्छेदात तुमच्या कागदाचं वजन गेलं.

## ३. जागेवर जा आणि मोजून या

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. घरी बसून लिहिलेली हरकत वाचणाऱ्याला लगेच ओळखू येते.

सोबत घ्या: शिंप्याकडचा कापडी टेप किंवा पाच मीटरचा टेप, वही, पेन्सिल (पेन पावसात फुटतं), ठिकाण आणि वेळ फोटोवर उमटवणारा मोबाइल, असेल तर दुर्बीण. आणि एक माणूस. एकट्याने टेप धरून फोटो निघत नाही.

झाडं. घेर जमिनीपासून साडेचार फुटांवर मोजा. प्रत्येक झाडाचे चार फोटो: बुंध्यावरचा रंगवलेला क्रमांक, पूर्ण झाड, टेप लावलेला घेर, आणि घरटं-ढोली-वेल जे असेल ते. यादीतला क्रमांक आणि बुंध्यावरचा क्रमांक जुळतो का पाहा.

एका रस्त्याच्या कामाची यादी आम्ही अशीच पडताळत होतो. कागदावर 'उंबर, १' एवढंच. जागेवर त्या उंबराचा बुंधा दोघांच्या कवेत मावेना. टेप फिरवताना मुंगळे हातावर चढत होते, पायाखाली पिकून पडलेल्या उंबरांचा चिखल झाला होता. सोबतच्या काकू वर बघत म्हणाल्या, "अगं, ती ढोली बघ." दहा-बारा फुटांवर एक तुटकी फांदी, तिच्या बेचक्यात भोक, आणि भोकात भरदुपारी बसलेला पिंगळा. आमच्याकडे बघून त्याने मान खाली-वर केली. आम्ही वेळ, उंची, ढोलीची दिशा लिहिली, फोटो काढला आणि मागे सरलो. पुढे हरकतीतली सगळ्यात मजबूत ओळ तीच ठरली, कारण 'झाडावर पक्षी असतात' आणि 'या क्रमांकाच्या झाडावर, या तारखेला, या उंचीवरच्या ढोलीत पिंगळा होता' यांत फार अंतर आहे. दुसऱ्या ओळीला उत्तर देण्यासाठी कोणालातरी उठून तिथे जावं लागतं.

पाणथळ जागा. नांदूर मध्यमेश्वर गोदावरी आणि कादवेच्या संगमावर आहे. २०२० मध्ये ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. तिथल्या एखाद्या प्रश्नावर लिहायचं असेल तर पहाटे पोहोचा. आधी जागा ठरवा, तिथूनच मोजा, दर वेळी तिथूनच मोजा. थव्यातले दहा पक्षी नीट मोजायचे, तेवढ्या दहाच्या ठोकळ्याने बाकीचा थवा मापायचा. ओळख पटली नाही तर 'अनोळखी बदक, ३०' असं लिहा. चुकीच्या नावापेक्षा ते हजार पटींनी बरं. छोटी लालसरी (जागतिक यादीत 'असुरक्षित'), काळ्या शेपटीचा पाणटिवळा ('संकटाच्या उंबरठ्यावर') अशा जातींची नोंद नावानिशी आणि फोटोसह हवी. नोंद त्याच दिवशी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. तिथे तारखेसह जुनी नोंद राहते, त्यामुळे 'हे तुम्ही आत्ता तयार केलं' असं कोणी म्हणू शकत नाही. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. तिच्यात एकदा अनुभवी माणसाच्या बाजूला बसा, हात तयार होतो.

पक्ष्यांच्या पलीकडेही पाहा. या रामसर स्थळाच्या नोंदीत 'देवळाली मिन्नो' नावाचा अतिसंकटग्रस्त मासा आहे. आपल्या देवळालीचं नाव असलेला मासा, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी तो ऐकलेलाही नाही. पाण्याचा प्रश्न असेल तर हे नाव हरकतीत आलंच पाहिजे.

पाणवेलींचं मोजमाप अगदी सोपं आहे आणि कोणीच करत नाही. सायखेडा-चांदोरीच्या पुलावर उभं राहा, पुलाच्या किती गाळ्यांत पाणवेल अडकली आहे ते मोजा, तारीख लिहा, त्याच खांबाजवळून फोटो काढा. महिन्यातून एकदा. सहा फोटो शेजारी ठेवले की 'पाणवेली वाढल्या' हे सांगावं लागत नाही.

कडे आणि गिधाडं. लांब चोचीचं आणि पांढऱ्या पाठीचं, दोन्ही गिधाडं अतिसंकटग्रस्त. लांब चोचीचं कड्यावर घरटं करतं, पांढऱ्या पाठीचं उंच झाडावर. जोडी वर्षाला एकच अंडं घालते आणि विणीचा काळ हिवाळाभर चालतो. म्हणजे एक घरटं उठलं की त्या जोडीचं वर्ष गेलं. दूरवरून दुर्बिणीने पाहा, कड्याच्या माथ्यावर जाऊन खाली डोकावू नका.

> सावध: घरट्याचा नेमका ठावठिकाणा समाजमाध्यमांवर टाकू नका. हरकतीच्या जाहीर प्रतीत 'कड्याच्या पूर्व अंगाला' एवढं पुरे. अचूक अक्षांश-रेखांश वनविभागाला बंद पाकिटात द्या. परवानगीशिवाय ड्रोन उडवायचा नाही, राखीव जंगलात घुसायचं नाही. तुमचाच नियमभंग हा समोरच्याचा मुद्दा होऊन बसतो.

> तपासा: नेटवरून घेतलेला एकही फोटो गठ्ठ्यात नाही ना? एक परका फोटो सापडला की बाकीचे पन्नास खरे फोटोही संशयात जातात.

## ४. तीन मुद्दे निवडा

वीस मुद्दे लिहायचा मोह होतो. ग्लोबल वॉर्मिंग, ऑक्सिजन, पुढची पिढी, संतवचनं, सगळं येतं. अधिकारी त्यातला सगळ्यात कच्चा मुद्दा उचलतो, त्याला उत्तर देतो आणि हरकत निकाली निघते. तीनच घ्या, आणि प्रत्येकाची घडण अशी ठेवा: काय आढळलं, त्याने काय बिघडेल, काय करावं.

तिसरा भाग लोक विसरतात. 'हे थांबवा' ही मागणी बहुतेक वेळा पुरेशी नसते. पर्याय मांडा: आखणी सहा मीटर सरकवा, काम विणीचा काळ सोडून करा, पाहणी पावसाळ्यात पुन्हा करा, या सात झाडांना वगळून उरलेल्या जागेत काम बसतं त्याचा हा कच्चा नकाशा. मान्य करता येईल असं काही समोर ठेवलंत तर ते नाकारताना कारण लिहावं लागतं.

## ५. पत्र लिहा

एक पान, फार तर दीड. फोटो आणि तक्ते सोबत जोडायचे. साचा साधारण असा:

> प्रति, मा. वृक्ष अधिकारी, (कार्यालय)
> विषय: जाहीर नोटीस क्र. ___, दि. ___ मधील झाड क्र. ११, १२ व १७ बाबत हरकत
>
> महोदय,
> मी वरील ठिकाणापासून जवळ राहते. दि. ___ रोजी सकाळी ७ ते ९ या वेळेत मी व आणखी एका रहिवाशाने प्रत्यक्ष पाहणी केली.
>
> १) झाड क्र. ११ (वड): यादीत वय ३० वर्षे दाखवले आहे. साडेचार फुटांवरील घेर आम्ही ___ सेंमी मोजला (फोटो १ ते ४). शेजारील जुन्या रहिवाशांचे लेखी म्हणणे जोडले आहे. वयाची तज्ज्ञामार्फत फेरतपासणी करावी व तोवर निर्णय घेऊ नये.
>
> २) झाड क्र. १२ (उंबर): ढोलीत पिंगळ्याचे वास्तव्य आढळले (फोटो ५ ते ७). हे झाड रस्त्याच्या कडेपासून ___ मीटर आत आहे. आखणीत बदल न करता ते वाचू शकते.
>
> ३) भरपाईची झाडे कोठे लावणार ती जागा नोटिशीत नाही. ती गट क्रमांकासह जाहीर करावी.
>
> माझे म्हणणे प्रत्यक्ष मांडण्याची संधी द्यावी व निर्णय लेखी कळवावा.

शेवटचं वाक्य गाळू नका. सुनावणीची मागणीच लेखी नसेल तर 'त्यांनी मागितली नव्हती' हे उत्तर तयार असतं.

भाषा साधी ठेवा. 'वृक्षांची कत्तल', 'निसर्गाचा खून' हे शब्द भाषणात ठीक आहेत, पत्रात नकोत. कोणा अधिकाऱ्यावर वैयक्तिक आरोप तर अजिबात नको. तुमचं भांडण आखणीशी आहे.

## ६. माणसं जोडा, झेरॉक्स नव्हे

आता, मुद्दे हातात आल्यावर, लोकांना बोलवा. आधी बोलावलंत तर सभा घोषणांत संपते.

एका संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा गावात पारावर बसा. फोटो दाखवा, यादी दाखवा, आणि प्रत्येकाला एकच विचारा: तुमचा या जागेशी काय संबंध आहे? उत्तर येईल ते त्याच्याच शब्दांत, त्याच्याच हाताने लिहून घ्या. मासेमारी करणारा पाण्याविषयी लिहील. नांदूर मध्यमेश्वरला पर्यटकांना पक्षी दाखवून घर चालवणारा पोरगा त्याच्या हंगामाविषयी लिहील. रोज सकाळी फिरायला जाणाऱ्या आजोबांना कोणता वड कधीपासून तिथे आहे हे पक्कं आठवतं. वयाच्या वादात त्यांचा सहीनिशी जबाब उपयोगी पडतो. अशी पंधरा वेगवेगळी पत्रं दोनशे सारख्या पत्रांना भारी पडतात, कारण पंधरांना पंधरा उत्तरं द्यावी लागतात.

ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं म्हणणं त्यांच्यासमोर लिहा, वाचून दाखवा, मग अंगठा घ्या. आणि कोणाच्याही नावाने परस्पर सही करू नका. घरच्यांचीही नाही.

गावात असाल तर ग्रामसभेचा ठराव घ्या. त्यावर ठराव क्रमांक, तारीख, सूचक-अनुमोदक हवेत. जैवविविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. नोंदवही मागा. तिच्यात त्या प्राण्याची किंवा वनस्पतीची नोंद असेल तर त्या पानाची साक्षांकित प्रत जोडा. सरकारी शिक्क्याची नोंद तुमच्या बाजूने उभी राहते. नोंद नसेल तर समितीला लेखी कळवून ती करून घ्या.

पाठिंब्याचं पत्र. आता सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट. मसुद्यात शब्द असतात 'हरकती व सूचना'. ज्यांचं नुकसान होणार असं वाटतं ते लिहितात. ज्यांना मसुदा पटला ते 'चांगलं झालं' म्हणून घरी बसतात. फाइल उघडली की दिसतो तो फक्त विरोध. मग झोनची हद्द आक्रसते, राखीव क्षेत्राचा प्रस्ताव मागे पडतो, आणि आपण विचारत राहतो की असं कसं झालं. म्हणून चांगल्या मसुद्यालाही पत्र लिहा: कोणतं कलम योग्य आहे, का योग्य आहे, ते तसंच ठेवा.

यासाठी विरोध करणाऱ्या शेतकऱ्याशी आधी बोलावं लागतं. त्याची भीती खोटी नसते. 'झोन आला की विहीर खणता येणार नाही, द्राक्षबागेवर बंदी येईल' असं त्याच्या कानावर आलेलं असतं. मसुद्यातला तक्ता त्याच्यासोबत बसून वाचा: व्यापारी खाणकाम, प्रदूषण करणारे उद्योग यांना मनाई, काही कामं नियंत्रित, स्थानिकांची चालू शेती सुरू राहते. एखादं कलम त्याला खरंच जाचक असेल तर तेवढी दुरुस्ती तुमच्या पत्रातही मागा. शहरातल्या माणसाने गावाला शिकवायला जाऊ नये. वही घेऊन ऐकायला जावं. गावाच्या सहीशिवाय पाणथळ राहत नाही.

> तपासा: प्रत्येक पत्रावर पूर्ण नाव, पत्ता, तारीख, सही आहे का? निनावी पत्र मोजलं जात नाही.

## ७. दाखल करा, पोच घ्या

दोन प्रती न्या. एक त्यांची, दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही. टेबलावर ठेवलेलं पत्र म्हणजे दिलेलं पत्र नव्हे.

हे मला महागात पडून कळलं. एका कार्यालयात आम्ही पत्रांचा गठ्ठा साहेबांच्या हातात दिला. त्यांनी चहा विचारला, आस्थेने ऐकून घेतलं, 'मी बघतो' म्हणाले. आम्ही समाधानाने परतलो. सुनावणीच्या दिवशी यादीत आमचं एकही नाव नव्हतं. पत्रं आवक नोंदीत चढलीच नव्हती, आणि आमच्याकडे दाखवायला कागद नव्हता. पंचेचाळीस जणांनी रात्री बसून लिहिलेली पत्रं होती ती. तेव्हापासून आधी टपाल शाखेत शिक्का, मग साहेबांची भेट.

सोबत ईमेल करा आणि शक्य तर स्पीड पोस्टाने तिसरी प्रत पाठवा. पोचेचा फोटो गटातल्या किमान तिघांकडे ठेवा.

## ८. सुनावणीला जाताना

तिघांनी बोलायचं, एकेकाने एकेक मुद्दा. प्रत्येकी तीन मिनिटं. घरी घड्याळ लावून सराव करा. नाव, गाव, पत्राचा आवक क्रमांक सांगून सुरुवात करा.

जनसुनावणीबद्दल दोन नियम माहीत हवेत. गणसंख्येची अट नाही: वीसच लोक आले तरी सुनावणी झाली असंच धरलं जातं. 'आपण बहिष्कार टाकू, मग ती रद्द होईल' हा सल्ला म्हणूनच घातक आहे. आणि शेवटी कामकाजाचा गोषवारा सभेत स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा असतो. बहुतेक लोक आपलं बोलून झालं की निघतात. थांबा. तुमचा मुद्दा वाचला गेला नाही तर तिथेच हात वर करा आणि घालून घ्या. कामकाजाचं चित्रीकरण होतं, तुमचं हात वर करणंही त्यात येतं.

> सावध: आरडाओरड, माइक हिसकावणं, व्यासपीठावर चढणं यातलं काहीही झालं की इतिवृत्तात 'गोंधळ झाला' एवढंच उरतं आणि तुमचे तिन्ही मुद्दे वाहून जातात.

## ९. निर्णयानंतर

निर्णय कळवला नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमांत ही मर्यादा आहे आणि ती ओलांडल्यामुळे अर्ज परत येतात. प्रश्न 'का केलं' असे नकोत, कागद मागा: 'माझ्या आवक क्र. ___ च्या हरकतीवरील टिपणी, सुनावणीचे इतिवृत्त व अंतिम आदेश यांच्या प्रती.' ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

पर्यावरण मंजुरीला आव्हान द्यायचं असेल तर राष्ट्रीय हरित लवादाचं पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यात आहे. अपिलाची मुदत ३० दिवस, सबळ कारण असेल तर आणखी ६०. माहिती अधिकाराच्या उत्तराची वाट पाहत ही मुदत घालवू नका. वकिलांना पहिल्या आठवड्यातच भेटा आणि सोबत पोच, फोटो, इतिवृत्त तारखेच्या क्रमाने लावलेली फाइल न्या.

आदेश तुमच्या बाजूने लागला, किंवा अटी घालून परवानगी मिळाली, तर त्या अटींची झेरॉक्स वहीत चिकटवा आणि प्रत्येक अटीपुढे तपासायची तारीख लिहा. काम सुरू होण्याच्या दिवशी दोघांनी जागेवर असा. वगळलेल्या झाडाच्या बुंध्यावरचा जुना क्रमांक तसाच राहिला तर करवत चालवणाऱ्या माणसाला फरक कळत नाही. भरपाईची झाडं लावली की त्या आठवड्यात मोजा, दिवाळीत मोजा, आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा मोजा. मेमध्ये जाताना पाण्याचा कॅन सोबत असू द्या.